कोपराचं हाड जुळलं, पण हात वाकडा राहिला. आता काय करायचं?

दिंडोरी तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा आता ८ वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी चिंचेच्या झाडावरून पडला आणि डाव्या कोपराच्या वर हाड मोडलं. भूल देऊन हाड बसवलं, महिनाभर प्लास्टर होतं. हाड जुळलं, हात हलतो, दुखत नाही. पण हात सरळ सोडला की कोपरातून आत वळलेला दिसतो. सासूबाई म्हणतात, वाढत्या वयात आपोआप सरळ होईल. गावातले एक जण म्हणतात, मालिश करून देतो. नणंद म्हणते, पुन्हा मोडून बसवावं लागेल. आणि शेवटी त्यांनी विचारलंय, पहिल्या डॉक्टरांचं काही चुकलं का?

मी नाशिकमध्ये २६ वर्षं हाडांचा डॉक्टर म्हणून काम करतोय, त्यातलं बरंचसं लहान मुलांचं. हा प्रश्न कुणी ना कुणी आई-बाप घेऊन येतातच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, आधी सरळ उत्तरं देतो. वाढत्या वयात हा हात सरळ होणार नाही. मालिशने तर नाहीच, आणि मालिश कृपा करून करूही नका. ऑपरेशनने सरळ करता येतो, पण त्याची घाई नाही. कदाचित ते करावंही लागणार नाही. डॉक्टरांच्या चुकीबद्दल खाली लिहितो, ते एका ओळीत सांगण्यासारखं नाही.

तुमच्या वर्णनावरून हे दंडाच्या हाडाचं, कोपराच्या जरा वर झालेलं फ्रॅक्चर आहे. आम्ही त्याला सुप्राकॉन्डायलर म्हणतो. लहान मुलांच्या कोपराला होणारं सगळ्यात नेहमीचं फ्रॅक्चर हेच. वय साधारण ५ ते ८, आणि उजव्यापेक्षा डाव्या हाताला जास्त. मूल पडताना हात पुढे टेकवतं, कोपर मागे ताणलं जातं आणि हाड जिथे सगळ्यात पातळ असतं तिथे तुटतं. दंडाचं हाड वरून नळीसारखं गोल येतं आणि कोपराशी चपटं होतं. तिथे पुढून एक खळगा, मागून एक खळगा, आणि दोन्हींच्या मधे पापडासारखा पातळ पडदा. या पडद्याच्या दोन बाजूंना दोन खांब. पडल्यावर पडदाही जातो आणि खांबही मोडतात. जुळताना आतल्या बाजूचा खांब थोडा खचला, किंवा खालचा तुकडा आतल्या अंगाला कलला आणि जरासा फिरला, की त्याच्या खालचा सगळा हात आत झुकतो. हाड पक्कं जुळतं. जुळतं ते वाकडं.

आता आरशासमोर उभ्या राहून स्वतःचे दोन्ही हात खाली सोडा, तळवे पुढे करा. कोपरापासून खालचा हात अंगापासून थोडा बाहेर जातो. साधारण ५ ते १५ अंश, बायकांमध्ये किंचित जास्त. पाण्याची बादली हातात घेऊन चालताना ती मांडीवर आदळत नाही, ती या कोनामुळे. तुमच्या मुलाला तसंच उभं करा आणि दोन्ही हात शेजारी-शेजारी बघा. उजवा बाहेर जातोय आणि डावा आत येतोय, म्हणजे हाच दोष. बंदुकीच्या दस्त्यासारखा आकार दिसतो, म्हणून इंग्रजी पुस्तकांत त्याला गनस्टॉक म्हणतात. आमच्या कागदावर तुम्हाला क्युबिटस व्हेरस असं लिहिलेलं दिसेल. कोपर वाकवलेलं असताना हा दोष अजिबात दिसत नाही. म्हणून तर तो प्लास्टरमध्ये लपतो, आणि प्लास्टर काढल्यावरही पहिले एक-दोन महिने, कोपर पूर्ण सरळ होईपर्यंत, घरच्यांच्या लक्षात येत नाही. मग एखाद्या दिवशी आंघोळ घालताना आईच्या नजरेला पडतो आणि तिला वाटतं, हात आत्ता वाकडा व्हायला लागला. तो तेव्हा होत नसतो. पहिल्या तीन आठवड्यांतच झालेला असतो.

सासूबाईंचं म्हणणं मात्र उडवून लावू नका. त्यांनी कुठेतरी खरंच बघितलं असणार. मनगटाजवळ मोडलेलं हाड लहान मुलात चांगलं वाकडं जुळलं तरी वर्ष-दोन वर्षांत सरळ होताना मीही दर वर्षी बघतो. पण मनगट वेगळं आणि कोपर वेगळं. हाताची लांबी वाढते ती हाडाच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या पट्टीतून. मनगटाच्या टोकाला वाढ भरपूर. दंडाच्या हाडाची मात्र सुमारे ८० टक्के वाढ खांद्याच्या टोकाला होते, कोपराच्या वाट्याला उरतात जेमतेम २० टक्के. वाढच कमी, तर सुधारायचं कशाच्या बळावर? शिवाय हाड स्वतःला सुधारतं ते सांधा ज्या दिशेने हलतो त्या दिशेत. कोपर पुढे-मागे हलतं, बिजागरीसारखं. त्यामुळे खालचा तुकडा मागे कललेला असेल, म्हणजे हात पूर्ण वाकत नसेल किंवा सरळ केल्यावर उलटा मागे जात असेल, तर लहान वयात त्यात थोडीफार सुधारणा होते. आत-बाहेरचा वाकडेपणा जिथल्या तिथे राहतो.

चांगली बाजू हीच की तो बहुतेक वेळा वाढतही नाही. वाढीची पट्टी जखमी झाली म्हणून हा हात वाकडा झालेला नाही, हाड वाकडं जुळलं म्हणून झालाय. आज जेवढा कोन आहे, तेवढाच दहा वर्षांनी असेल. हे मी तोंडी सांगतो त्यावर जाऊ नका. आज दोन्ही हातांचा एक एक्स-रे काढून ठेवा, आणखी वर्षाने पुन्हा काढा, आणि तुलना करून घ्या. कोन खरंच बदलत असेल तर तो वेगळा मामला आहे, तिथे वाढीच्या पट्टीकडे बघावं लागतं.

आता हाताची ताकद. तुमचा मुलगा भाकरी मोडून तोंडाशी नेतो, शर्टाची बटणं लावतो, बॅट धरतो, दप्तर उचलतो? मग त्याचा हात कामाचा आहे आणि कामाचाच राहणार आहे. या दोषात त्रास असतो तो मुख्यतः दिसण्याचा. पण ‘फक्त दिसण्याचा’ असं म्हणून मी तो कमी लेखत नाही. माझ्याकडे येवल्याची एक मुलगी यायची. संक्रांतीला भावाच्या पतंगाची आसारी, म्हणजे मांज्याची चकरी, धरून गच्चीवर उभी होती, मागे सरकताना कठड्याच्या पायरीवरून पडली. हात छान चालायचा, पण वयाच्या बाराव्या वर्षी ती नाशिकच्या मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून यायची. तपासायला म्हटलं, बाही वर कर, तर आधी आईकडे बघायची. मुलाला ते लागत असेल तर तो त्रास खराच आहे, आणि ऑपरेशन करायला तेवढं कारण मला पुरतं. मात्र ते मुलाला लागतंय का नातेवाइकांना, हे आधी बघा. ८ वर्षांच्या मुलाला बऱ्याचदा काहीच वाटत नसतं. लग्नकार्यात कुणीतरी हात धरून ‘अरे हे काय’ म्हणतं तेव्हापासून वाटायला लागतं.

अगदी निर्धोक आहे असंही मी म्हणणार नाही. कोन बराच मोठा असेल तर वजनाची रेषा चुकीच्या बाजूने जाते आणि वीस-तीस वर्षांनी कोपराच्या बाहेरच्या बाजूचा लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा, सैल पडू शकतो. मग खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठताना कोपर निसटल्यासारखं वाटतं, कधी खट्ट आवाज येतो. ओड्रिस्कॉल नावाचे हाडांचे सर्जन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हे नीट मांडलं, त्याआधी आम्हीही पालकांना बिनधास्त ‘काही होत नाही’ म्हणायचो. काहींना मोठेपणी करंगळीत मुंग्या येतात. आणि असा हात पुन्हा जोरात टेकला गेला तर कोपराच्या बाहेरच्या भागाचं फ्रॅक्चर व्हायची शक्यता जरा जास्त. हे सगळ्यांना होत नाही. पण सांगायला हवं.

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट. सैन्यभरतीची तयारी करणारी मुलं. सिन्नर, चांदवड, देवळा, सगळीकडून. सतरा-अठरा वर्षांची, पहाटे चारला उठून पळणारी. मैदान मारतात, आणि मेडिकलला कोपराच्या कोनावर अडकतात. तेव्हा धावत येतात, ‘डॉक्टर, महिन्याभरात सरळ करून द्या.’ महिन्याभरात होत नाही. हाड जुळायला, हालचाल परत यायला आणि ताकद भरायला वेळ लागतो, शिवाय ऑपरेशन झालेला हात भरतीत चालेलच याची खात्री मी देऊ शकत नाही. तुमच्या मुलाच्या मनात पुढे वर्दी असेल तर हा विचार आत्ताच डोक्यात असू द्या.

आता जे मला खरं तर सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. कोपराचा वाकडेपणा दोन जातींचा असतो. आत वळलेल्या हातासाठी पालक दहा डॉक्टर हिंडतात, कारण तो डोळ्यांना खुपतो. हात बाहेर वळत गेला तर मात्र कुणी येत नाही, कारण कोपर मुळातच थोडं बाहेर असतं आणि फरक चटकन कळत नाही. आणि घात करतो तो हाच.

तो बहुतेक वेळा दुसऱ्या एका फ्रॅक्चरमधून येतो. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दंडाच्या हाडाचं जे बोंड असतं, ते मोडतं. लॅटरल कॉन्डाइल म्हणतात त्याला. लहान मुलांच्या कोपरात सुप्राकॉन्डायलरच्या खालोखाल हे. सूज फार नसते, फक्त बाहेरच्या अंगाला. एक्स-रेमध्ये एक बारीकशी चकती किंवा केसाएवढी रेघ दिसते, कारण त्या वयात तो भाग बहुतांशी कूर्चेचा असतो आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. दिसतो त्याच्या कितीतरी पट मोठा तुकडा खरा मोडलेला असतो. घरी सांगितलं जातं, ‘बारीक क्रॅक आहे.’ मुलाचं दुखणं आठवड्यात कमी होतं. प्लास्टर तीन आठवड्यांनी निघतं. सगळे खूश.

पण हा तुकडा सांध्याच्या आत असतो. सांध्यातलं पाणी त्या फटीत खेळत राहतं आणि हाताच्या मागच्या बाजूचे जे स्नायू मनगट उचलतात, ते याच तुकड्याला धरून असतात. ते त्याला रोज ओढत राहतात. तुकडा २ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकला की जुळण्याची शक्यता कमी होत जाते. म्हणून सरकलेला तुकडा नीट बसवून तारांनी पक्का करावा लागतो, आणि न सरकलेल्याचा पहिले दोन आठवडे दर आठवड्याला एक्स-रे काढावा लागतो. तोही नेहमीच्या दोन बाजूंनी काढून पुरत नाही, कोपर आत फिरवून तिरका काढावा लागतो. बऱ्याच वेळा फट त्यातच दिसते. न जुळलेला तुकडा वर्षानुवर्षं हळूहळू वर सरकतो, कोपर बाहेर झुकत जातं, आणि आतल्या बाजूने जाणारी अल्नर नर्व्ह ताणली जाते. कोपर कुठे आपटलं की करंगळीपर्यंत वीज जाते ना, तीच ही नस.

निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार माझ्याकडे आले होते, वय ३८. गोडी छाटणीचे दिवस, ऑक्टोबर. तक्रार काय, तर कात्री हातातून निसटते. आधी मानेचे एक्स-रे झाले होते, मग शुगर तपासून झाली होती, मग व्हिटॅमिनची इंजेक्शनं. मी त्यांना टेबलावरचा एक कागद अंगठा आणि पहिल्या बोटाच्या कडेत धरायला सांगितला आणि कागद ओढला. डाव्या हाताने त्यांनी घट्ट धरून ठेवला. उजव्या हाताने धरताना अंगठ्याचं टोक वाकलं आणि कागद अलगद माझ्या हातात आला. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, पुन्हा करून बघितलं. मग हात पालथा करून दाखवला. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधला जो मांसल उंचवटा असतो, तिथे खड्डा पडला होता, दोन बोटं मावतील एवढा. करंगळी निम्मी बधिर. मी शर्टाची बाही वर करायला सांगितली आणि दोन्ही हात सरळ करायला सांगितले. उजवं कोपर डाव्यापेक्षा कितीतरी बाहेर. त्यांच्या लक्षातही नव्हतं. खूप विचारल्यावर म्हणाले, ‘लहानपणी बैलगाडीवरून पडलो होतो, दुसरीत असेन. लेप लावला होता, महिन्यात बरा झालो.’ एक्स-रेमध्ये तो दुसरीतला तुकडा तसाच वेगळा होता, कडा गुळगुळीत झालेल्या, एखाद्या गोट्यासारखा.

नस मोकळी करून पुढे आणली. मुंग्या थांबल्या, बधिरपणा बराच गेला. तो खड्डा भरला नाही. स्नायू एवढा वाळल्यावर सहसा भरत नाही. आता ते छाटणी डाव्या हाताने करतात. पाच वर्षं आधी आले असते तर एवढं गेलं नसतं. आणि दुसरीत असतानाच दोन तारा लागल्या असत्या, तर माझं तोंड बघायची वेळच आली नसती.

म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येकाला विनंती. लहानपणी कोपर मोडलं होतं, आणि आता करंगळी व तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या येतात, रात्री कोपर वाकवून झोपलं की वाढतात, चावी फिरवताना जोर कमी पडतो, तर मानेवर नाव घालून वर्षं घालवू नका. कोपर दाखवा. आणि मुलाच्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला फ्रॅक्चर सांगितलं असेल, तर ते ‘पूर्ण जुळलं’ असं एक्स-रेवर बघितल्याशिवाय डॉक्टरांना सोडू नका, मूल कितीही हसत-खेळत असलं तरी. काही महिन्यांच्या आत लक्षात आलं तर न जुळलेला तुकडाही स्क्रूने पक्का करता येतो.

ताई, तुमच्या मुलाचा हात आत वळलेला आहे, म्हणजे तो या दुसऱ्या जातीचा नाही असं वाटतं. पण एक्स-रे बघूनच मी ते पक्कं म्हणेन. कधीकधी बाहेरच्या बाजूला हाडाची गाठ वाढल्यामुळेही हात आत वळल्याचा नुसता भास होतो.

ऑपरेशनबद्दल. नणंदबाई म्हणतात तसं ‘मोडून बसवणं’ म्हणजे हातोडा घालणं नव्हे. बाहेरच्या बाजूने कापून, कोपराच्या वर हाडाची मोजून काढलेली एक पाचर काढतात आणि फट मिटवतात. हात तेवढा बाहेर येतो. पाचर किती, याचा हिशेब सोपा आहे: वाकडा हात १५ अंश आत असेल आणि चांगला हात १० अंश बाहेर, तर दुरुस्ती २५ अंशांची. मग तारा किंवा छोटी प्लेट, आणि साधारण चार ते सहा आठवडे आधार. हालचाल पूर्ण परत यायला काही महिने जातात. कुणी घुमटासारखा गोल काप घेतात, कुणी पायरीसारखा. प्रत्येकाची सवय असते. साधी पाचर काढली की बाहेरच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा राहतो, हे आधीच सांगून ठेवतो. लहान वयात तो पुढे बराच गोलसर होतो, मोठ्या मुलात तसाच राहतो. व्रणही राहतो, आणि काहींचा जाड होतो. नसेला ताण बसून काही आठवडे बोटं किंवा मनगट उचलता न येणं, दुरुस्ती थोडी कमी होणं, हेही होऊ शकतं. एवढं ऐकून घेतल्यावरही मुलाला आणि तुम्हाला हवं असेल, तर जरूर करा. चांगल्या हातात निकाल चांगले येतात. येवल्याच्या त्या मुलीचं आम्ही तेराव्या वर्षी केलं. टाके काढले त्या दिवशी प्लास्टरच्या वरून हात बघून ती रडली होती, काही दिसत नव्हतं तरी.

कधी करायचं? फ्रॅक्चरनंतर किमान एक वर्ष जाऊ द्यायचं, कोपराची हालचाल जेवढी यायची तेवढी येऊ द्यायची. तुमची दोन वर्षं झालीत, म्हणजे ती अट पूर्ण आहे. माझं मत विचाराल तर, कोन दहा-बारा अंशांच्या आत असेल आणि मुलाला काही वाटत नसेल तर मी थांबेन. त्यापेक्षा बराच जास्त असेल तर १० ते १२ वर्षांच्या आधी करून टाकावं, मे महिन्याच्या सुट्टीत, म्हणजे शाळा बुडत नाही.

मालिशबद्दल दोनच वाक्यं. जुळलेलं हाड तेलाने वाकत नाही, आणि लहान मुलाच्या कोपराला जोरात चोळलं, ओढलं तर सांध्याभोवतीच्या स्नायूत हाड तयार होऊन कोपर कायमचं आखडू शकतं. ते आखडलेलं कोपर सोडवणं, हा वाकडेपणा काढण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

आता पहिल्या डॉक्टरांचं. मी तो पहिला एक्स-रे बघितलेला नाही, म्हणून कुणालाही दोषी धरणार नाही. गार्टलंड या अमेरिकन सर्जननी १९५९ मध्ये या फ्रॅक्चरचे तीन प्रकार केले, ते आजही आम्ही वापरतो. पहिल्या प्रकारात हाड सरकलेलं नसतं, प्लास्टर पुरतं. तिसऱ्यात दोन्ही तुकडे पूर्ण सुटलेले असतात. तिथे भूल देऊन, सी-आर्मखाली, म्हणजे ऑपरेशन चालू असताना पडद्यावर हाड दाखवणाऱ्या एक्स-रे मशीनखाली, बसवून, त्वचेतून तारा घालाव्या लागतात, तीन-चार आठवड्यांनी त्या ओपीडीतच निघतात. मधल्या दुसऱ्या प्रकारात तारा घालाव्यात की प्लास्टरवर भागवावं, यावर मतभेद असतात. नुसत्या प्लास्टरची अडचण अशी की पहिल्या दिवशी हात सुजून टम्म असतो, प्लास्टर घट्ट बसतं. पाच-सहा दिवसांत सूज उतरते, प्लास्टर आतून सैल होतं, आणि तुकडा हळूच आत कलतो. मुलाला कळत नाही, दुखत नाही. सातव्या दिवशी एक्स-रे काढला तर हे दिसतं आणि तेव्हा दुरुस्त करता येतं, भूल देऊन पुन्हा बसवून, तारा घालून. तीन आठवड्यांनी दिसून उपयोग नसतो. लहान मुलाचं हाड तोवर जुळलेलं असतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एक सहा वर्षांची मुलगी होती. मी हाड बसवलं, एक्स-रे छान आला, प्लास्टर घातलं. सातवा दिवस दिवाळीत पडला. वडील फोनवर म्हणाले, ‘पोरगी मजेत आहे, पाडव्यानंतर आणू का?’ मी हो म्हटलं. त्यांनी आणलं ते विसाव्या दिवशी. एक्स-रे बघताक्षणी मला कळलं, आणि त्या दिवशी मी त्यांना ते स्पष्ट सांगितलं नाही, ‘बघू, थोडं कमी-जास्त असतं’ म्हटलं. ते मला आजही टोचतं. हाड कलल्याचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त त्या वाक्याचं आहे. पुढच्या भेटीला मी त्यांना बसवून सगळं सांगितलं. त्यानंतर माझ्याकडे सातव्या दिवसाचा एक्स-रे चुकला असं एकही मूल नाही. सण असो, यात्रा असो. सुरगाण्याच्या पाड्यावरून येणाऱ्यांना मी सात दिवस इथेच कुणा नातेवाइकाकडे राहायला सांगतो.

तर तुमच्या डॉक्टरांना भेटा आणि विचारा, पहिल्या आठवड्यातला एक्स-रे आहे का. भांडायला नको, विचारायला जा. तारा घालूनही कधीकधी थोडा कोन राहतो, हेही लक्षात असू द्या.

हाडवैद्याकडे जाणाऱ्यांसाठी एकच. आपल्याकडे पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागात अजून आधी तिकडे नेतात, आणि रात्री-बेरात्री घाटातून शहरात येणं किती अवघड आहे ते मला माहीत आहे. पण या फ्रॅक्चरमध्ये हाताची मुख्य रक्तवाहिनी मोडलेल्या टोकाच्या अगदी पुढ्यात असते. त्यावर कामट्या घालून घट्ट पट्टी बांधली आणि आत सूज वाढली, तर काही तासांत स्नायू मरायला लागतात. १८८१ मध्ये फोल्कमान या जर्मन सर्जननी हे पहिल्यांदा नीट सांगितलं, आणि मी ते आजही बघतो: बोटं पंजासारखी आत वळलेली, मनगट वाकलेलं, लाकडासारखा हात. त्याच्यापुढे तुमच्या मुलाच्या हाताचा वाकडेपणा काहीच नाही. पट्टी किंवा प्लास्टर कुणीही बांधलेलं असो, अगदी मीसुद्धा, मूल औषध देऊनही रडायचं थांबत नसेल, त्याची बोटं हळूच सरळ केल्यावर किंचाळत असेल, बोटं गार, पांढरी किंवा बधिर असतील, तर सकाळची वाट बघू नका. पट्टी तिथेच कापून सैल करा आणि जवळच्या हाडांच्या डॉक्टरकडे किंवा सिव्हिलला निघा.

ताई, मुलाला घेऊन याल तेव्हा जुने सगळे एक्स-रे आणा. पहिल्या दिवसाचा, प्लास्टरमधला, प्लास्टर काढल्यानंतरचा. बहुतेक घरांत ते कपाटावर किंवा गादीखाली असतात. वाकले, डाग पडले तरी चालतील, त्यावर कोन मोजता येतो. फाइल हरवली असेल तर जिथे काढले तिथे तारीख सांगून विचारा, कॉम्प्युटरवर असू शकतात. आणि मुलाला हाफ बाह्यांचा शर्ट घालून आणा. मला त्याच्या दोन्ही हातांशी, आणि हाताबद्दल त्याला स्वतःला काय वाटतं याबद्दल त्याच्याशी, जरा निवांत बोलायचंय.